झुळूक म्हणजे किती

त्या राज्यात सूर्य नव्हता. जो काही उजेड होता तो दिव्यांचा, आणि दिवा लागायचा तो दुसऱ्या दिव्यावरूनच. एखादी आळी पूर्ण विझली की ती विझलीच. मग तिकडे जायला कोणी धजत नसे आणि तिचे नावही कोणी काढत नसे.

सत्ता वाऱ्याची होती. कधी, कुठे आणि किती जोराने वाहायचे हे त्याचा तोच ठरवी, आणि दिव्यांना ते विझताना कळे. पुढे उघड्या आळ्यांमधून फारच ओरड होऊ लागली. सगळेच विझले तर राज्य कोणावर करायचे, हा प्रश्न वाऱ्यालाही पडला असावा. त्याने जाहीर केले की यापुढे वाहण्याचा नियम दिव्यांसोबत एकत्र बसून ठरेल. एकाने जरी नकार दिला तरी नियम होणार नाही. मात्र एकदा सगळ्यांनी मान्य केले, की बैठकीला बसलेल्या कोणालाही नंतर तक्रार करता येणार नाही.

मध्यस्थ म्हणून खिडकी नेमली गेली. ती अर्धी आत आणि अर्धी बाहेर, तेव्हा ती कोणाचीच नाही, असे सगळ्यांनी धरून चालले. दिव्यांना हात नसतात, म्हणून मत कसे मोजायचे हेही तिनेच ठरवले. ज्योत लवली की होकार, ताठ राहिली की नकार. ऐकायला हे इतके सोपे होते की कोणी हरकत घेतली नाही.

वेशीलगतच्या उघड्या आळीने आपल्यातली एक पणती पाठवली. त्या आळीत आता थोड्याच पणत्या उरल्या होत्या, आणि वाऱ्याच्या मागच्याच फेरीत या पणतीची बहीण गेली होती. निघताना ती सगळ्यांना म्हणाली, "काही झालं तरी मी ताठ राहीन. माझ्या एकटीच्या नकाराने नियम अडतो." खरे तर हे ती स्वतःलाच बजावत होती, कारण तिला फार भीती वाटत होती.

बैठक मोठ्या दालनात भरली. तिथे समई होती. तिच्यापर्यंत आजवर वारा पोचलाच नव्हता, त्यामुळे तिला हे सगळे मोठे मौजेचे वाटत होते. चौकातला कंदील होता, आणि त्याला काच होती. वाऱ्याला बसता यावे म्हणून खिडकी सताड उघडली गेली, आणि ज्या दालनात तो कधी आला नव्हता तिथे तो आत आला.

वारा अगदी हळू बोलत होता. पणतीने त्याला आजवर दुरून गरजतानाच ऐकले होते. हे हळू बोलणे अंगाजवळून जाई, आणि तिला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

मसुद्यात ‘झोत’ असा शब्द होता. पणतीने जीव मुठीत धरून सांगितले की झोतापुढे तिची आळी टिकणार नाही. वारा चिडेल असे तिला वाटले होते, पण तो चिडला नाही. बरीच घासाघीस झाली आणि शेवटी ‘झोत’ खोडून तिथे ‘झुळूक’ हा शब्द आला. वस्तीवर नुसती झुळूक सोडायची, त्याहून जास्त काही नाही. पणतीचा कानांवर विश्वास बसेना. आळीत जाऊन हे कसे सांगायचे याचे शब्दही ती जुळवू लागली.

तेवढ्यात खिडकी म्हणाली की शब्द मोघम राहता कामा नये. झुळूक म्हणजे किती?

"ज्याने कंदील विझत नाही ती झुळूक," वारा म्हणाला.

 "कंदीलदादांना काच आहे," पणती म्हणाली. "मोजायचंच तर माझ्यावर मोजा."

खिडकीने तिला मायेने समजावले. मोजमाप टिकणाऱ्या वस्तूवरच घ्यावे लागते, एरवी त्याला अर्थ राहत नाही. पण सूचना चांगली आहे आणि तिची नोंद झाली आहे.

"मग मान्य?" वाऱ्याने विचारले.

पणतीने वात घट्ट धरली. ताठ राहायचे, एवढे एकच तिला करायचे होते. पण वाऱ्याचे विचारणे म्हणजेच वाहणे होते. प्रश्न तिच्यापर्यंत आला आणि तिची ज्योत लवली. "पणती, होकार," खिडकी म्हणाली. पाठोपाठ समईही लवली, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरला.

उरला कंदील. काचेआड त्याची ज्योत सरळ उभी होती. सगळ्या दालनात नकार देणे जमण्यासारखे होते ते त्याला एकट्याला.

"दादा, नुसते उभे राहा," पणती म्हणाली. "तुम्हाला काहीच करायचं नाहीये."

 कंदील वाईट नव्हता. चौकात त्याने कितीतरी विझलेल्यांना पुन्हा लावले होते. "बाई, माझ्या काचेला मागून तडा आहे," तो अगदी हळू म्हणाला. "आणि ते त्याला ठाऊक आहे." मग त्याने आपली काच बोटभर वर सरकवली. ज्योत लवली, आणि काच पुन्हा खाली बसली. नियम एकमताने झाला.

प्रत्येक आळीत वारा स्वतः जाऊन नियम वाचून दाखवणार होता. पणती भिंतींच्या आडोशाने त्याच्या आधी घरी पोचली. आळीतल्यांनी तिला घेरले, तेव्हा झुळूक ठरली एवढेच ती सांगू शकली. नुसती झुळूक म्हणजे बरे झाले की, असे एक म्हातारी पणती म्हणाली आणि बाकीच्या हसल्या.  हिने सगळ्यांना भिंतीशी ओढले आणि एकमेकींना चिकटून बसायला लावले. एक जरी राहिली तरी बाकीच्या तिच्यावरून लागतील, असा तिचा हिशेब होता.

वारा आला आणि वाचू लागला. आता तो हळू बोलत नव्हता. पहिल्या शब्दालाच सगळ्या जणी लवल्या. नियमाबाहेर एक अक्षरही त्याने उच्चारले नाही. तिकडे चौकात कंदील जराही फडफडला नाही.

वाचन संपवून वारा पुढच्या आळीकडे गेला. हवा निपचित पडली. चौकातल्या कंदिलाचा थोडासा उजेड आळीच्या तोंडापर्यंत येत होता. त्या उजेडात भिंतीलगतच्या वातींमधून धूर निघत होता, प्रत्येकीचा वेगळा, दोऱ्याएवढा बारीक, आणि कुठेही न लवता तो ताठ वर जात होता.