दोन दारांमधला खेमा

माझी शाळा सातवीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकले, शब्द साधे वाटले, तर माफी असावी.

एका गावात म्हादू नावाचा एक कासार राहत असे. त्याचा मुलगा खेमा विशीतला, पण समज पाच-सहा वर्षांच्या पोराची. रंगाप्रमाणे बांगड्या लावायला तो मोठ्या कष्टाने शिकला होता. तेवढे जमले की खुदकन हसायचा.

एका वर्षी त्याचे हसणे गेले. तो जेवेना, झोपेना. कोपऱ्यात तोंड लपवून म्हणे, "बा, तो माणूस आला." तिथे कोणीच नसे. मग भीतीने तो भिंतीवर डोके आपटी.

शेजारी म्हणत, "अरे म्हादू, खुळं पोर ते. पहिल्यापासून तसंच आहे."

"तसं नव्हतं हो," म्हादू सांगे. "आधी हसायचं." पण ऐकतो कोण?

एकदा घाबरून खेमा भर बाजारातून धावत सुटला आणि कुंभाराची उतरंड कोसळली. पंचांनी बजावले, "जत्रेच्या आत पोराची सोय लाव. नाहीतर कोंडवाड्यात मोकाट गुरांशेजारी बांधू."

राजाने नगरात दोन घरे बांधली होती. एकात मंद समजेच्या मुलांना शिकवत, दुसऱ्यात मनाच्या आजाऱ्यांवर उपचार करत. मधे फक्त एक अंगण होते. जत्रेच्या आदल्या दिवशी म्हादू पोराला घेऊन तिथे पोहोचला.

शिकवणाऱ्या घरातले पंतोजी म्हणाले, "हा ओरडतो. बाकीची मुलं भितील. आधी याचं मन ठिकाणावर आणा, मग शिकवू."

म्हादू अंगण ओलांडून वैद्यांकडे गेला. वैद्यांनी विचारले, "काय होतंय रे तुला?"

"बा, घरी," खेमा म्हणाला.

"याला सांगताच येत नाही. जन्माची मंदबुद्धी ही, हिला औषध नाही. समोरच्या घरी जा."

"तिथूनच आलो, महाराज."

"मग पुन्हा जा."

त्याच दुपारी राजा ती घरे पाहायला आला. पंतोजी आणि वैद्य दोघेही म्हणाले, "आमच्याकडे आहेत त्या सगळ्यांचं उत्तम चाललं आहे." ते खरेच होते. ज्यांचे चालले नसते, त्यांना दारातूनच परत पाठवले होते. राजाने दोघांना शेले पांघरवले. पंगत बसली. दोघे मांडीला मांडी लावून बसले आणि एकमेकांना जिलबीचा आग्रह करू लागले.

म्हादू पुढे झाला. "आता एकत्र बसलाच आहात, तर दोघं मिळून माझ्या पोराला बघा."

"अर्धा मुलगा माझा, अर्धा यांचा? असं कुठं असतं?" पंतोजी म्हणाले.

"आणि जेवताना कामाचं बोलू नये, घास अडकतो," वैद्य म्हणाले. सारी पंगत हसली. राजाही हसला.

बापलेक संध्याकाळी गावात परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांची माणसे दोर घेऊन आली. म्हादूने दोर त्यांच्या हातातून घेतला. खेमाला कोंडवाड्यात त्यानेच नेले. काचू नये म्हणून मनगटाला धोतराची चिंधी गुंडाळली आणि आपल्याच हाताने गाठ मारली.

तात्पर्य: ज्याला दोन दुखणी आहेत, त्याला दोघांनी मिळून सावरावे. सोपी माणसे निवडून केलेली सेवा ही सेवाच नव्हे. तिच्यामुळे अवघड माणसाच्या वाट्याला दोर येतो, आणि तो त्याच्या बापालाच आपल्या हाताने बांधावा लागतो.