सकवारची थाळी

चैत्र वद्य पंचमी. वारा पडलेला, आभाळ निरभ्र, कमळबोडीच्या तलावावर एक तरंग नाही. अशाच सकाळी सकवार ढीवरीण कांशाची थाळी काखेला मारून बांधाची पाळ उतरली. साल कुणाला ठाऊक नाही. तेव्हा पाळीवरचा मोह हातभर होता म्हणतात, आणि आज तो तिघांच्या कवेत मावत नाही.

सकवार तलावाची नाडी बघायची. थाळीला दोर, दोराला वितावितावर गाठी. डोंग्यातून थाळी पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होईपर्यंत गाठी मोजायच्या. पाच भरल्या तर तलाव उघडा. कमी भरल्या तर पावसाळ्यापर्यंत बंद: जाळं नाही, घागर नाही, म्हशी नाहीत. तिचा डोंगा दिसला की सारस माना लववायचे, असं म्हणतात.

त्या साली गणबा मालगुजाराच्या लेकीचं लग्न होतं. पाचशे पानं, आणि पंगतीला याच तलावातली मासळी. पण शिमग्यापासून पाणी गढूळच होतं. थाळी तीन गाठींवरच दिसेनाशी होणार, हे साऱ्या गावाला दिसत होतं.

सकवारने थाळी सोडली. तीन गेल्या, पाच गेल्या, नऊ गेल्या! तळाच्या शिंपल्या मोजाव्यात असं पाणी. पाळीवर एकच गलका झाला, वाजंत्र्यांनी सनया काढल्या.

सकवार डोंगा काठाला लावून गुडघाभर पाण्यात उभी राहिली. एरवी पाय बुडायचा अवकाश, झिंगे येऊन बोटांना टोचायचे, गुदगुल्या करायचे. आज एकही येईना.

“आता काय अडलं?” मालगुजार पाळीवरून म्हणाला. “झिंग्यांना अक्षत द्यायची राहिली का?”

लोक हसले. सकवारने वाकून मूठभर गाळ उचलला. बोटांवर पांढुरकी साय आली. तिने पाण्याचा थेंब जिभेवर ठेवला, थाळी भरली आणि थेट मालगुजारापुढे धरली.

“मालक, आधी तुम्ही घोट घ्या. मग वऱ्हाडाला पाजा.”

सगळं गाव बघत होतं. मालगुजाराने घोट घेतला आणि कच्चं जांभूळ चावल्यासारखं त्याचं तोंड आवळलं. शेवटी त्याच्या गड्यानेच सांगून टाकलं: गाठी भराव्यात म्हणून चार दिवसांपूर्वी वीस पोती तुरटी तलावात सोडली होती.

“पाणी निवळलं, मालक,” सकवार म्हणाली, “पण आतली वस्ती उठली.”

तलाव बंद झाला. लग्नाची पंगत वरणभातावर उठली. सकवार मात्र परत पाण्यात जाऊन उभी राहिली ती बाहेर आलीच नाही, असं म्हणतात. नऊ दिवस उभी होती. कमळाच्या देठांनी तिच्या कमरेला वेढा घातला, सारसांनी पंखांची सावली धरली. नवव्या दिवशी एक झिंगा अंगठ्याला टोचला. मग दुसरा, मग दहा, मग इतके की तिच्याभोवती पाणी उकळल्यासारखं दिसू लागलं!

अजून दर चैत्र वद्य पंचमीला कमळबोडीत थाळी सोडतात, पण नुसत्या गाठींवर तलाव उघडत नाही. गावातली सर्वांत वडील ढीवरीण गुडघाभर पाण्यात उभी राहते आणि पाळीवर कुणी खोकतसुद्धा नाही.

यंदा थाळी सहा गाठी गेली. आताची वडील ढीवरीण तुळजाबाई दुपार कलेपर्यंत उभी होती. झिंगा आला नाही. तलाव बंद आहे.