पेंढ्याचा आकडा

"मग मार खय गेलो?" दाजीबुवांनी विचारलं.

जयवंत कुबल हसला. हा तर त्याच्या आवडीचा प्रश्न. आंबा पडला की त्याला बसलेला मार कुठे जातो, किती आत जातो आणि किती दिवसांनी काळा डाग होऊन दिसतो, हे कॉम्प्युटरवर मांडण्यात त्याची पुण्यातली चार वर्षं गेली होती.

मठात आंबे पिकत घालायच्या आढीच्या खोलीत, पेंढ्यावरच लॅपटॉप उघडून तो बसला होता. समोर बुवा. मी कोपऱ्यात पिकलेले आंबे निवडत होतो. मठाची कलमं आणि आढी माझ्याकडे असते. हात कामात होते, कान मात्र मोकळे.

पडद्यावर एक आंबा होता. साल, गर, कोय, सगळं हजारो बारीक तुकडे जोडून केलेलं. जयवंतने कळ दाबली. आंबा फरशीवर पडला आणि आतून एका अंगाने लाल होत गेला.

"मार नाहीसा होत नाही, बुवा. एक तर फळ घेतं, नाहीतर फळाखाली जे असेल ते घेतं."

"कोणतरी घेताच?"

"घेतंच. त्याशिवाय गणित जुळत नाही."

बुवा खूश झाले. "बरा शिकलंस."

मग त्याच्याकडे बघत राहिले...

"तोंड कित्याक उतारलां मगे?"

जयवंतने लॅपटॉप थोडा बाजूला सरकवला. पुण्याला गेल्यापासून तो बुवांशीही पुस्तकी मराठीत बोलायचा. आम्हाला त्याची गंमत वाटे, थोडा रागही येई.

"सोमवारी बागायतदारांच्या सभेत आकडा सांगायचाय. क्रेटच्या तळाला किती पेंढा घातला म्हणजे आंब्याला लागणार नाही, तो आकडा. माझं मॉडेल म्हणतं चार बोटं पुरे. मी दोनशे आंबे त्याप्रमाणे टाकून पाहिले. वरून सोन्यासारखे पिकले. पुण्यातल्या माझ्या सरांसमोर कापले तर..."

"तर?"

"सगळे आतून काळे."

मी हातातला आंबा खाली ठेवला. दोनशे आंबे म्हणजे आमच्या एका कलमाचं वर्ष.

"आकडा चुकला तर चार वर्षं पाण्यात, बुवा. आणि ज्यांनी विश्वास ठेवलाय, त्यांचे आंबे जातील ते वेगळंच."

"तुझ्या मशिनीन पयल्यापासून चार बोटांच सांगितलांन?"

जयवंत जरा घुटमळला.

"नाही. आधी वीतभर म्हणत होतं. मी बदललं."

"कित्याक?"

"ते चुकत होतं. माझ्याकडे पुरावा होता."

"खयचो पुरावो?"

"मी स्वतः."

ती गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ आहे. जयवंत सोळा वर्षांचा होता. मठामागच्या जुन्या झाडावर आंबे उतरवायला चढला आणि चौदा फुटांवरून सुटला. खाली आढीसाठी पेंढा वाळत घातला होता, त्यात पडला. खरचटलंसुद्धा नाही. आम्ही धावलो, उलटासुलटा करून पाहिला, 'लागला काय, लागला काय' म्हणून त्याचा जीव खाल्ला. बुवाही तिथेच पेंढ्यात बसून होते. हसत हसत म्हणाले, देवाक नारळ ठेवा.

पण जयवंतने देवाला नाही, पेंढ्याला नारळ ठेवला. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी तो कुठेही असला तरी नारळ पाठवतो, मी तो पेंढ्यापुढे फोडतो आणि बुवा खोबरं चवीने खातात. उपकार लक्षात ठेवणारा पोरगा आहे. त्याचा ताठा आम्ही चालवून घ्यायचो तो त्यामुळेच.

"एकदा गंमत म्हणून मी मॉडेलमध्ये आंब्याच्या जागी मला घातलं," जयवंत सांगत होता. "सालीच्या जागी कातडी, गराच्या जागी मांस, कोयीच्या जागी हाडं. चौदा फूट उंची, खाली तेवढाच पेंढा. तर ते म्हणालं, दोन हाडं मोडणार. माझं तर एकही मोडलं नाही! म्हणजे पेंढा किती मार घेतो, हे त्याला कळलंच नव्हतं. मी पेंढ्याची ताकद वाढवली. माझी हाडं शाबूत दाखवेपर्यंत वाढवली... मग आंब्यांसाठीही तीच धरली."

खरं सांगतो, मीही तेच केलं असतं.

बुवांनी आढीत हात घालून एक आंबा काढला, धोतराला पुसला आणि जयवंतसमोर धरला. डाव्या हाताने.

बुवा प्रसाद डाव्या हाताने देतात. नवा माणूस दचकतो, कधी कधी घेतही नाही. आमच्याकडे त्याला उत्तर तयार असतं: देवाला दोन्ही हात सारखे. हे उत्तर मुळात जयवंतचंच. पुण्यात भाषणात सांगून त्याने टाळ्याही घेतल्या होत्या. बुवांनी ते कधी खोडलं नाही, आणि हे कधीपासून सुरू झालं, तेही आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

जयवंतने आंबा घ्यायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला.

पडद्यावर लाल आंबा अजून दिसत होता. जयवंतने त्याच्याकडे पाहिलं, मग बुवांच्या मांडीकडे. उजवा हात नेहमीसारखाच उपरण्याखाली होता.

"बुवा... मी पडलो तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"झाडाखाली."

"पेंढ्यात?"

"मगे पेंढ्यात इलंय. तुझ्यावांगडा, तुझ्याखाली."

खोलीत आंब्यांचा वास दाटून आला होता. बाहेर कुणीतरी विहिरीवर कळशी आपटली.

जयवंतने उपरणं हळूच बाजूला केलं. मनगट वाकडं होतं, नीट न बसलेल्या हाडासारखं. इतकी वर्षं मी त्या हाताशेजारी बसून आंबे निवडले. जुना वात असेल म्हणून सोडून दिलं होतं. मला माझीच लाज वाटली, आणि त्याहून जास्त भरून आलं.

"बुवा," जयवंत म्हणाला. पुण्याची मराठी कुठल्या कुठे गेली होती. "तुमका लागला?"

बुवांनी हातातला आंबा त्याच्या मांडीवर ठेवला.

"इतकी वर्सां मी पेंढ्याक नारळ ठेवतंय. तुम्ही बोलाक नाय कित्याक?"

"खोबरां बरां लागता."

मी हसलो. जयवंतला हसू आलं नाही. त्याने ते मनगट दोन्ही हातांत धरलं, आढीतला आंबा धरावा तसं, न दाबता. मग कपाळ त्यावर टेकवलं आणि रडत रडत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिला: बुवा, बुवा.

बुवांनी त्याला रडू दिलं. बऱ्याच वेळाने डाव्या हाताने त्याच्या पाठीवर थोपटलं आणि लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला.

"सोमवारी वीतभरच सांग, झिला. पयलो आकडो बरोबर होतो... हाडां दोनच मोडली."