तीन हॉर्न

"मग चाचा, स्टीलचा बसवू की कार्बनचा?"

रणधीरनं दोन्ही नवे सायलेन्सर बाकड्यावर मांडले, रुखवत मांडतात तसे. मिरजेच्या या गॅरेजात तो बारा वर्षं येतोय. गाडीचा रोग कानानं ओळखायचा, हे त्याला दस्तगीर चाचांनीच शिकवलं. आता तो सहा जणांच्या मोटारसायकल-टोळीचा म्होरक्या, आणि रविवारी टोळी हिमालयात स्पितीला निघणार होती.

माझं सीटकव्हरचं दुकान शेजारीच. चहा घेऊन मी गॅरेजातच बसलो होतो. खरं सांगतो, माझं डोकंच फिरलं. या बाबाला सगळ्या गावात दुसरं गॅरेज मिळालं नाही?

चाचा पाना पुसत राहिले...

"स्टीलचा खर्जात बोलतो," रणधीर म्हणाला. "कार्बनचा हलका. पण तुमचा कान तो कान. तुम्ही म्हणाल तो."

"आतली नळी?"

"काढून टाकली दोन्हींची. आवाज दाबते हो ती. ट्रकवाला आरशात बघतोय होय? आवाज ऐकूनच बाजू देतो."

चाचांनी स्टीलचा बसवला. दोन नटांचं काम.

"बस गाडीवर. तोंड रस्त्याकडं. मागं वळायचं नाही. घाट चढतोयस असं समज."

रणधीरनं मूठ पिळली. माझ्या हातातला कप थरथरला.

चाचा मागं कोपऱ्यात गेले. तिथल्या गाडीवरची ताडपत्री त्यांनी ओढली. वाकडं हँडल, फुटका दिवा. अल्ताफची गाडी. चाचांचा एकुलता एक पोरगा. गेल्या वर्षी याच टोळीत सगळ्यात मागं तो होता, आणि घाटात दरीत गेला. तेव्हापासून त्या गाडीला कुणी हात लावला नव्हता.

त्यांनी दुसऱ्या बॅटरीच्या वायरी तिला जोडल्या आणि हॉर्न दाबला. तीनदा. थांबले. परत तीनदा.

तीन हॉर्न म्हणजे माणूस पडला, थांबा. टोळीचा हा नियम रणधीरनंच घातलेला.

आणि तो समोर बघून हसत होता. शप्पथ सांगतो, मान डोलवत होता.

मग गरम पाइपाला फडकं धरून चाचांनी कार्बनचा चढवला. तेच सगळं पुन्हा. तीनदा... परत तीनदा...

रणधीरनं गाडी बंद केली. "दोन्ही एक नंबर! आता तुम्हीच सांगा."

"काय ऐकलंस?"

"गाडी."

"आणखी?"

"आणखी काय असणार?"

तो वळला. चाचांचा अंगठा अजून अल्ताफच्या हॉर्नवर होता. त्यांनी पुन्हा तीनदा दाबला. रणधीरची गाडी आता बंद होती; हॉर्न सगळ्या गॅरेजात घुमला.

रणधीर उतरला.

"खालच्या वाडीतल्या गुराख्यानं ऐकला होता," चाचा म्हणाले. "तीन-तीनदा वाजत होता म्हणे. पाऊण तास. पहिल्यांदा वाजला तेव्हा तू दोनच वळणं पुढं होतास."

"मला वाटलं... तो जागीच..."

"त्याच्या अम्मीलाही मी तसंच सांगितलंय."

मला तिथून उठावंसं वाटलं. उठवेना.

रणधीर वाकून आपल्या गाडीच्या पाइपाकडं बघायला लागला.

"चाचा, त्या वेळचा माझा सायलेन्सर..."

"मी बसवला. नळी पण मीच काढली. तू म्हणालास काढा, मी काढली."

रणधीरनं तोंडावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाला, "कंपनीचा जुनाच परत टाकू का? तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तसं."

चाचांनी ताडपत्री उचलून गाडीवर नीट घातली. चारी टोकं बांधली.

"रविवारी सगळ्यात मागं कोण आहे?"

"किसन. माळ्यांचा."

"त्याच्या बापाला घेऊन ये. तो म्हणेल तो बसवतो."