झेल्याचे हात

वानरांच्या एका राज्यात खायचं होतं पलीकडे आणि राहायचं होतं अलीकडे. मधे दरी. पलीकडे कवठांचं बन, पण तिथं बिबट्या. म्हणून वानरांची टोळी अलीकडच्या उघड्या कातळावर राहायची. ऊन चढून बिबट्या निजला, की भुरी नावाची म्हातारी वानरी लांबच्या वाटेनं गुपचूप पलीकडे जायची आणि कवठं फेकायची.

फेकायची एक रीत होती. भुरी झेलणाऱ्याकडे बघत नसे. बघितलं की हात कचरतो, म्हणायची. ती नुसत्या मोकळ्या हवेत फेकायची, आणि तिथं वेळेवर पोचणं हे झेलणाऱ्याचं काम. त्यानं कड्यावरून झेप घ्यायची, अधांतरी कवठ धरायचं आणि खालच्या वडाच्या फांदीवर उतरायचं. सुटलेलं कवठ नदीचं.

झेल्यानं हे काम उभी हयात केलं. त्याच्या हातून कवठ सुटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मग एकदा उतरताना त्याचा गुडघा बोलला, आणि पुन्हा गप्प बसलाच नाही. त्याच सुमारास टोळीचा जुना म्होरक्या हुप्प्या वारला. सगळ्यांनी मिळून झेल्याला त्याच्या जागी वरच्या शिळेवर बसवलं, आणि झेलायला काजळी उभी राहिली. पोरगी चपळ होती, तरी कवठं नदीत जाऊ लागली.

झेल्या तिला सगळं सांगायचा. भुरीच्या हातून कवठ सुटलं की ओरडायचा, आणि त्याचा हात आपोआप वर जायचा. टोळी उपाशी राहायला लागली. काही वानरं उघड म्हणू लागली, की आता सगळेच पलीकडे जाऊ, बिबट्या खाईल त्याला खाईल. एखादं कमी भरेल या धास्तीनं झेल्याला पोरं मोजवेनात.

शेवटी काजळीच शिळेपाशी आली. "दादा, मी कवठाकडं बघू का तुमच्या हाताकडं?"

"माझ्या हाताकडं कशाला बघतेस?"

"मग तो वर कशाला जातो?"

 भुरी जवळच अंग खाजवत बसली होती. ती सावकाश म्हणाली, "झेल्या, इतकी वर्षं मी तुझ्याकडं एकदा तरी बघितलं का रे?"

"नाही."

"तू चुकशील ही भीती मला नव्हती वाटत असं नाही."

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तेव्हा झेल्या दरीकडे पाठ करून बसला. दोन्ही हात त्यानं बुडाखाली दाबून धरले. मागं कड्यावर पाय आपटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. त्या रिकाम्या वेळात त्याचे हात शिळेखालच्या सरड्यासारखे वळवळले. त्यानं आणखी भार टाकला.

थप.

तळव्यात कवठ बसल्याचा तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. फक्त कधी एवढ्या लांबून ऐकला नव्हता. पुन्हा थप. पुन्हा. झेल्यानं कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

सांजेला कातळावर कवठं फुटली, पोरांची तोंडं बरबटली. काजळीनं सगळ्यांत मोठं कवठ आणून झेल्यापुढं धरलं. त्यानं बुडाखालचे हात काढले. ते पार बधिर झाले होते. कवठ बोटांतून निसटलं आणि उतारावरून दरीकडे गडगडत निघालं.

झेल्या जागचा हलला नाही. कवठ कड्यापाशी पोचायच्या आत पाच-सहा हात त्याच्यावर पडले होते.