खारट घागरीची खडपी

समोरच्या काळ्या खडकांवर पिवळं दिसतंय ना, ती आमची खडपी. माझ्या दुकानात दोर, गळ, नारळ, मागाल ते मिळेल. हिचं रोप मात्र मिळणार नाही. बसा, सरबत येतंय, तोवर कारण सांगतो.

फार पूर्वी खाडीच्या तोंडाशी दरवर्षी एखादा मचवा फुटायचा, असं सांगतात. दोन्हीकडे सारखेच काळे खडक, मधे अरुंद वाट. फेस उसळला की वाट कुठली ते कळत नसे. भिवा तांडेलाचा थोरला मुलगा तिथेच बुडाला. तेव्हा धाकट्या सुनेने, आवडीने, भगवतीला नवस केला : दक्षिणेच्या खडकावर फुलं फुलवून मचव्यांना खूण करीन, तोवर केसांत फूल माळणार नाही.

तिने अबोली लावली, झेंडू लावला. रोज विहिरीची गोड घागर वाहिली. खाऱ्या वाऱ्याने सगळं करपलं. विहिरीवर बायका विचारत, "काय गो आवडी, दर्याक न्हाऊ घालतंस?" सासराही हसे. चैत्रात विहीर आटली, तेव्हा बायकांनी तिची घागर अडवली. पोरांच्या तोंडचं पाणी दगडाला कोण देईल? रागाने तिने समुद्राचीच घागर भरली, खडकावर उपडी केली आणि घरी आली.

काही दिवसांनी जाऊन बघते तर काय, कुणी न लावलेलं एक रानरोप कपारीत पिवळंधमक फुललेलं. गिऱ्हाईक बघून माल द्यावा, हे तिला तिथे उमगलं म्हणे. त्याच रोपाचे फुटवे तिने कपारीकपारीत खोचले आणि खाऱ्या पाण्यावर वाढवले. गोड्या पाण्यावर ती जगत नाही, म्हणून तर माझ्या दुकानात हिचं रोप नाही.

पुढे एका आश्विनात भर दुपारी वादळ उठलं. गावचे सगळे मचवे बाहेर होते. पुढच्या मचव्यात भिवा तांडेल, सुकाणूवर आवडीचा नवरा जिवबा. पांढऱ्या फेसावर म्हाताऱ्याला पिवळा पट्टा दिसला.

"जिवबा, सुनेची फुलां उजव्या हाताक धर आणि घाल आत."

त्याच्यामागून एकेक करत सगळे मचवे आत आले. एक फळीसुद्धा तडकली नाही. किनाऱ्यावर ढोल वाजले. भिवाने स्वतः खडक चढून दोन फुलं आणली. एक मचव्याच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, वाहिलं, दुसरं आवडीच्या हातात दिलं. "सुने, आता माळ."

आजही आमच्याकडे नवा मचवा उतरताना नाळेवर नारळाआधी खडपी चढते. नवी सून पहिल्या वर्षी खाऱ्या पाण्याची घागर खडकावर नेते. विहिरीवरच्या बायका मुद्दाम वाट अडवून विचारतात, "काय गो, दर्याक न्हाऊ घालतंस?"

आणि सून मान वर करून सांगते, "नाय गो, माणसां घराक आणूक चाललंय."