तेवीस भागिले चार

“पाच की सहा? तेवढं एकच सांगा, बाई. बाकी मला काही ऐकायचं नाही.”

रणधीर मास्तर चपला न काढताच ओट्यावर चढला होता.

अनसूयाबाईंनी त्याच्या पायांकडे पाहिलं. तो खाली उतरला, चपला काढल्या, पुन्हा वर आला आणि चटईवर धपकन बसला.

बाईंची उभी हयात सीमेलगतच्या गावांतली पोरं शिकवण्यात गेली होती. त्यांच्या हाताखाली शिकून आता स्वतः शिक्षक झालेली दोघं-तिघं रविवारी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जमत. त्या दिवशी वैशाली आणि दिनकर आधीच येऊन बसले होते. सगळ्यांत हुशार होता रणधीर. त्याच्या चौथीच्या वर्गाचं तालुकाभर नाव होतं, आणि हे त्याला कुणी सांगावं लागत नसे.

“गणित काय ते सांग,” बाई म्हणाल्या.

“तेवीस मुलं. चार-चारांचे गट करायचे. गट किती?”

“तू काय शिकवलंस?”

“चार पंचे वीस. भागाकार पाच, बाकी तीन. आख्खा वर्ग एका आवाजात बोलला, बाई! तपासणीला आलेले केंद्रप्रमुख साहेब समोर बसलेले. त्यांनीच वर्गातली मुलं मोजून उदाहरण घातलं होतं. आणि मागून ही पोरगी उठते आणि म्हणते, सहा!”

“कोण पोरगी?”

“निंगव्वा. वीटभट्टीवरची. दिवाळीनंतर तिघं आली तिथनं, त्यातली एक. बस म्हटलं तर बसेना. ‘सहाच, गुरुजी.’ साहेबांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं… आणि चहा न घेता उठून गेले.”

त्यानं चटईवर मूठ आपटली.

“वर्षभर राबलोय मी. जाई, जुई, मोगरा, शेवंती, अबोली. पाच गट पाडले, पाच रंगांची बस्करं स्वतः आणली. पोरं झोपेतसुद्धा भागाकार करतील अशी तयार केली. सगळ्यावर पाणी फिरवलं तिनं!”

“मग तू काय केलंस?”

“पाटीभर पाच लिहून आण म्हटलं. दुसऱ्या दिवशी पाटीभर सहा लिहून आणले. एकाखाली एक!”

वैशालीला हसू फुटलं. रणधीरनं असं काही बघितलं की तिनं पदर तोंडाशी धरला.

“हसा. पण उद्यापासून तिला वर्गात घेणार नाही मी. भट्टीवर जाऊन बापाला सांगणार आहे, तुझी पोरगी तुझ्याजवळच ठेव म्हणून.”



“ती बसते कुठं?” बाईंनी विचारलं.

“कोण?”

“निंगव्वा.”

“भिंतीशी. ती तिघंही भिंतीशीच बसतात. गट आधीच पडलेले होते, बाई. चारांत पाचवं कोंबलं की सगळी घडी विस्कटते.”

“त्यांना बस्करं?”

“पाचच रंगांची आणली होती…” त्याचा आवाज जरा उतरला, आणि लगेच दुप्पट चढला. “पण ऐकू येतं की त्यांना! फळा दिसतो! कुणी हाकललंय का?”

बाईंनी मान डोलावली.

“ऊठ,” त्या म्हणाल्या.

“अं?”

“चटईवरनं ऊठ. तिकडं पायरीवर बस.”

बाईंचा शब्द मोडायची सवय कुणालाच नव्हती. रणधीर उठला आणि पायरीवर जाऊन बसला. दगड गार होता.

बाई आत गेल्या आणि उकडलेल्या शेंगांचं टोपलं घेऊन आल्या. वाफ निघत होती. एक ओंजळ वैशालीपुढं ठेवली, एक दिनकरपुढं, एक स्वतःपुढं. टोपलं बाजूला सारलं.

“बोला,” त्या दोघांना म्हणाल्या. “शाब्दिक उदाहरण वाचल्यावर पोरं अडतात कुठं?”

वैशाली बोलू लागली. दिनकरनं तिचा मुद्दा खोडला. शेंगा फुटत होत्या, टरफलांचे ढीग वाढत होते.

बाई विसरल्या असतील, असं रणधीरला वाटलं. तो खाकरला.

कुणी बघितलं नाही.

दिनकर चुकीचं सांगत होता. रणधीरला बरोबर उत्तर ठाऊक होतं. “मी सांगतो…” म्हणत तो पुढं झुकला. बाईंनी त्याच्याकडं न बघताच हात वर केला. थांब.

त्याची कानशिलं तापली. लहानपणी याच ओट्यावर त्याला सगळ्यांच्या आधी खाऊ मिळायचा. याच बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारून, ‘हा माझं नाव काढणार’ म्हटलं होतं. आणि आज दिनकरसारख्या ढ माणसापुढं…

“बाई!” तो ओरडला. “मी काय दारात मागायला आलोय? दिसत नाही का मी तुम्हाला?”

“दिसतोस की,” बाई शांतपणे म्हणाल्या. “आम्ही बोलतोय ते ऐकू येतंय ना तुला?”

“येतंय!”

“मग? कुणी हाकललं तुला?”



वैशालीनं हातातली शेंग खाली ठेवली. दिनकर टरफलं चिवडत राहिला.

रणधीर ताडकन उठला. पाय चपलेत जाईना.

“शेंगांचं सोडा, बाई. शेंगांसाठी नाही आलो मी. पण अशी वागणूक… चार माणसांत… माझी चूक तरी काय…”

बाईंनी एक शेंग फोडली. दाणे तळहातावर घेतले, पण खाल्ले नाहीत.

“इतक्यात चिडलास, रणधीर?… दिवाळीपासून भिंतीशी बसून त्या पोरीनं नुसतं गणित केलं, उरलेली तिघं धरून.”